ट्रेल आणि पांदण

आमच्याकडे जंगलात कुणी फिरायला जात नाही. मोहफुलं वेचायला जातात, तेंदूपत्ता तोडायला जातात, सरपणाला जातात, गुरं घेऊन जातात, संध्याकाळी न परतलेली शेळी शोधायला जातात. पण नुसतं फिरायला? पांढरकवड्याच्या बाजारात कुणाला सांगून बघा की 'जंगलात जरा पायी फिरून येतो.' आधी तो तुमच्या तोंडाकडे बघेल, मग विचारेल, घरी काही भांडण झालं का?

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या याच पट्ट्यात आहे. घरापासून वावर दीड किलोमीटर, आणि वावराच्या पलीकडच्या धुऱ्यापासून सागाचं जंगल सुरू होतं. मधे कुंपण नाही, पाटी नाही. कपाशीच्या ओळी संपतात आणि साग सुरू होतो. लहानपणी आम्हाला वावरात जायची मुभा होती, धुऱ्यापर्यंत जायची होती, त्याच्या पुढे नव्हती. आणि दिवे लागायच्या आत घरात असायचं. वाघ हा शब्द आई संध्याकाळी उच्चारायची नाही. 'जनावर' म्हणायची.

त्यामुळे २०२३ मध्ये कंपनीनं मला दीड वर्षासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला पाठवलं, तेव्हा तिथल्या ऑफिसातला सोमवारचा ठरलेला प्रश्न मला सुरुवातीला कळायचाच नाही. विकेंडला काय केलं? उत्तर बहुतेकांचं एकच असायचं, हायकिंग. कुठल्या ट्रेलवर, किती मैल, गर्दी होती का, पार्किंग मिळालं का. टीममध्ये पुण्याचे दोघं होते, त्यांना सिंहगड-राजगडाची सवय होती, ते पटकन त्यात मिसळले. माझ्यासाठी जंगल आणि विकेंड हे दोन शब्द पहिल्यांदाच एका वाक्यात आले होते.

०

सॅन होजेहून डोंगर ओलांडून सांताक्रूझच्या बाजूला उतरलं की फेल्टन नावाचं छोटं गाव लागतं. आमच्या पांढरकवड्यापेक्षाही लहान. गावाला लागूनच हेन्री कॉवेल रेडवूड्स स्टेट पार्क आहे. पार्कातल्या जुन्या झाडांमधून एक गोल वाट जाते, सव्वा किलोमीटरची, सपाट, इतकी सपाट की बाळाची गाडी आणि व्हीलचेअरसुद्धा सहज जाते. मी तिथं पहिल्यांदा एकटीच गेले. टीममधले सगळे येणार होते, ऐन वेळी कुणीच आलं नाही. मी बस शोधली आणि गेले.

रेडवूडबद्दल फोटोंवरून काही कळत नाही. फोटोत झाड मावत नाही, म्हणून लोक खोडाला टेकून उभे राहतात आणि फोटोत फक्त भिंत दिसते. तिथल्या सर्वांत उंच झाडांची उंची पावणेतीनशे फुटांच्या आसपास आहे. आमच्या गावातल्या पाण्याच्या टाक्या एकीवर एक रचल्या तर सहा लागतील. साल तांबूस आणि नारळाच्या काथ्यासारखी मऊ. हात लावला तर झाडाला हात लावल्यासारखं वाटत नाही, दोरखंडाच्या गुंडाळीला लावल्यासारखं वाटतं. पानं मात्र एवढीशी, सुईसारखी. उन्हाळ्यात तिथं पाऊस नसतो. समुद्रावरून धुकं येतं, ते या सुयांना धरतं आणि थेंब थेंब खाली टपकतं. झाड आपला पाऊस आपणच पाडून घेतं.

आमचा साग अगदी याच्या उलट. पान सुपाएवढं. पावसाळ्यात मोठ्या सरीचा पहिला आवाज सागावरच येतो, पत्र्यावर आल्यासारखा. पावसाळ्याच्या शेवटी अळ्या त्या पानांची जाळी करून ठेवतात, हिवाळ्यानंतर पानं गळतात आणि एप्रिल-मेमध्ये सगळं जंगल काड्यांचं होतं. बाहेरचा माणूस त्या दिवसांत आला तर म्हणेल, इथं जंगल होतं का? जूनमध्ये पुन्हा कोवळं पान फुटतं. ते तळहातावर चोळलं की हात लाल होतो. आम्ही शाळेत असताना एकमेकांना फसवायचो, रक्त निघालं म्हणून. तिकडच्या झाडाचं लाकूड लाल, आमच्या झाडाचं पान लाल करणारं. एवढंच काय ते साम्य.

त्या वाटेवर अर्धा तास चालल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. पुढून एक सत्तरीच्या बाई काठी टेकत एकट्याच येत होत्या. त्या हसल्या, 'सुंदर सकाळ आहे' म्हणाल्या आणि गेल्या. मी तिथंच एका बाकावर बसले. जंगलात एकटी बाई. तीही म्हातारी. हातातली काठी फक्त चालायला. माझ्या आईच्या हातात वावरात जाताना काठी असते, पण ती टेकायला नसते.

०

मी व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. माझी रात्र झाली तेव्हा त्यांची सकाळ. फोनवर त्यांचे प्रश्न तयारच होते.

"हे सागवान व्हय?"

"नाही बाबा, रेडवूड."

"एका झाडात किती घनफूट निघन?"

मी म्हटलं, तोडत नाहीत ते, बघायला ठेवलंय. ते जरा वेळ गप्प बसले. आमच्या धुऱ्यावर सागाची अकरा झाडं आहेत. ती आमची आहेत, पण परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तसा कायदाच आहे. प्रत्येक लग्नाच्या वेळी आणि प्रत्येक दवाखान्याच्या वेळी त्या अकरा झाडांचा विषय घरात निघतो आणि मिटतो. त्यामुळे झाड 'बघायला ठेवणं' ही कल्पना त्यांना अगदीच अनोळखी नव्हती.

"वाघ हाय का तिथं?"

"नाही."

"अस्वल?"

"नाही."

"मंग त्याले जंगल काऊन म्हंतेत? बगीचाच झाला थो."

मी हसले. पण अस्वलाचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण अस्वल मी रोज बघत होते. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर अस्वल आहे. ग्रिझली. सरकारी इमारतींवर, टी-शर्टांवर, चहाच्या कपांवर. फेल्टनहून पर्यटकांसाठी वाफेच्या इंजिनाची छोटी नॅरो गेज रेल्वे निघते (ती बघून मला आमची शकुंतला आठवली, यवतमाळ ते मूर्तिजापूर), ती ज्या टेकडीवर जाते तिचं नावही बेअर माउंटन. मी शोधायला बसले. कॅलिफोर्नियात एकेकाळी ग्रिझली हजारोंनी होते. सोन्यासाठी माणसं लोटली, गुरं आली, बंदुका आणि विषही आलं. त्या राज्यात ग्रिझली शेवटचा दिसला तो १९२४ मध्ये. आता तो फक्त झेंड्यावर आहे.

अस्वलाआधी माणसं गेली होती. या डोंगरांत ओलोनी लोक राहायचे. १७९१ मध्ये सांताक्रूझला स्पॅनिश मिशन उभं राहिलं. रानातून माणसं मिशनमध्ये नेली गेली आणि रोगराईनं, कामानं मेली. मग झाडांची पाळी आली. जुन्या रेडवूडचं जे मूळ जंगल होतं, त्यातलं आज शेकडा पाचच्या आसपास उरलंय. बाकीच्याची घरं झाली, रेल्वेचे स्लीपर झाले, कुंपणाचे खांब झाले.

आणि जे उरलं ते कसं उरलं, त्याचीही एक गोष्ट आहे. मी ज्या झाडांखाली बसले होते ती तेव्हा खाजगी मालकीची होती. १९००च्या सुमाराला अँड्र्यू हिल नावाचा फोटोग्राफर तिथं फोटो काढायला गेला. मालकानं त्याला हाकललं, काढलेल्या फोटोंच्या काचाही मागितल्या. हिल चिडला. ही झाडं सगळ्यांची असली पाहिजेत म्हणून त्यानं माणसं जमवली, क्लब काढला, आणि १९०२ मध्ये जवळच बिग बेसिन हे कॅलिफोर्नियातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क झालं. मला ही गोष्ट आवडते. एका माणसाला 'इथं यायचं नाही' म्हटलं गेलं आणि त्यातून लाखो लोकांना चालायला जागा झाली. पण ती आवडत असताना हेही दिसतं की 'सगळ्यांची' म्हणताना त्या 'सगळ्यां'त कोण उरलं होतं. ओलोनींना आधीच बाहेर काढलेलं होतं आणि अस्वल संपत आलं होतं. ती वाट व्हीलचेअर जाईल इतकी सपाट व्हायला दीडशे वर्षं लागली, आणि ती फक्त फावड्यानं सपाट झालेली नाही.

पहाडी सिंह तिथं अजून आहेत. तशी पाटी असते, समोर आला तर पळू नका वगैरे. लोक पाटीचा फोटो काढतात.

०

आता आमच्याकडचं सांगते.

टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर, बहुतेक सागाचं जंगल. पांढरकवड्याहून सुन्ना गेट जवळ आहे. टिपाई देवीवरून नाव पडलं. अभयारण्याच्या पोटात टिपेश्वर नावाचं गाव होतं, ते पुढे बाहेर हलवलं गेलं. वाघ वाढले. १४८ चौरस किलोमीटर म्हणजे फार नाही. वाघाच्या बछड्यानं मोठं झाल्यावर जायचं कुठं? बाहेर. बाहेर म्हणजे राखीव जंगलाचे तुकडे, आणि तुकड्यांच्या मधे आमची वावरं.

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात जे झालं ते तुम्ही वाचलं असेल. टी-१ वाघीण. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं. मेलेल्यांत बहुतेक गुराखी आणि शेतकरी होते. तिला पकडायला हत्ती आले, पॅराग्लायडर आला, शिकारी कुत्री आली, अत्तराची बाटलीसुद्धा आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली. मागे तिचे दोन बछडे राहिले.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. हॉस्टेलमध्ये माझ्या मैत्रिणींच्या स्टेटसला 'जस्टिस फॉर अवनी' होतं. अवनी हे नाव मला तिथंच कळलं. आमच्याकडे ती नुसती 'वाघीण' होती. मैत्रिणी वाईट नव्हत्या. त्यांना खरंच रडू येत होतं, आणि एका आईला मारलं हे खरंच होतं. त्याच दिवशी गावाकडे फटाके फुटले होते, तेही खरं होतं. मी कुठलंच स्टेटस ठेवलं नाही. त्या दोन वर्षांत माझं स्टेटस एकच असायचं आणि ते मी फक्त एका माणसाला विचारायचे. रोज रात्री नऊला फोन: "बाबा, आले का घरी?"

कारण रब्बीच्या दिवसांत ते घरी नसायचे. आमच्या फीडरला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी तर द्यायचं असतं. रात्री अकराला लाईन आली की माणूस उठतो, डोक्याला मफलर बांधतो, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन मोटर सुरू करायला निघतो. वावरापर्यंत जाणारी वाट म्हणजे पांदण. दोन्हीकडे झुडपी, मधे बैलबंडीच्या चाकोऱ्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात पावलाभर फुपाटा. त्या काळात बाबा आणि शेजारचे काका जोडीनं जायचे आणि मोबाईलवर मोठ्या आवाजात भजनं लावायचे. फोनवर मला मागून ती भजनं ऐकू यायची. आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. भजन मधेच थांबलं तर माझाही श्वास थांबायचा. मग कळायचं, बॅटरी संपली.

हे रात्रीचं चालणं कुणाच्या मोजणीत नसतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं झाली की टाळ्या वाजवतं. बाबांच्या त्या पावलांची नोंद कुठं होते? काही झालं तरच होते, पंचनाम्यात.

०

नोंद झालेलं एक चालणं मात्र मला पाठ आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरातल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो बाहेर पडला. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर निघेपर्यंत त्याची वाटचाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. लोकांनी त्याचं नाव ठेवलं वॉकर. मार्च २०२१ मध्ये तो गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसला.

त्याचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नोकरीला लागले होते आणि रोज लोकेशनचा डेटाच हाताळत होते. ठिपके, ठिपके जोडणारी रेघ. पण या रेघेखालचा प्रदेश मला माहीत होता. ती रेघ कपाशीतून, तुरीतून, नाल्यांच्या काठानं, हायवे ओलांडून जात होती. दिवसा तो झुडपात पडून राहायचा, चालायचा रात्री. म्हणजे ज्या वेळी लाईन येते त्याच वेळी. या सगळ्या प्रवासात त्यानं कुणा माणसाचा जीव घेतल्याची नोंद नाही. किती मोटरी चालू करायला निघालेली किती माणसं त्याच्या शेजारून गेली असतील, आणि दोघांनीही एकमेकांना जाऊ दिलं असेल. वाघ चांगला किंवा वाघ वाईट, या दोन्ही वाक्यांत ती रेघ बसत नाही.

०

परत आल्यावर गेल्या मे महिन्यात मी बाबांना टिपेश्वरच्या सफारीला नेलं. आई म्हणाली, पैसे देऊन जनावर पाहाले मी नाही येत, आणि ती आली नाही. उघड्या जिप्सीत बाबा धुतलेला पांढरा सदरा घालून बसले. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, अभयारण्य होण्याआधी याच भागात गुरं चारली होती. बाबांना गेटवर ओळखपत्र दाखवावं लागलं.

जंगल वाळलेलं होतं, त्यामुळे आरपार दिसत होतं. गाईड पंचविशीचा, जवळच्याच गावचा. तो पक्षी दाखवत होता आणि बाबा झाडं. धावडा, ऐन, सालई, बिबा, तेंदू, मोह. मोहाच्या एका मोठ्या झाडाजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि सवयीनं एक पाय खाली टाकला.

"काका, उतरायचं नाही," गाईड म्हणाला. हळू आवाजात, आदरानं.

बाबांनी पाय वर घेतला. चिडले नाहीत. "बरोबर हाये तुह्यं," म्हणाले. मग थोडं पुढे गेल्यावर गाईडनं रस्त्यावर बोट दाखवलं. पहाटेच्या जिप्सीच्या टायरची नक्षी फुपाट्यात उमटली होती, आणि तिच्यावर, अगदी मधोमध, पंजा. गाडी गेल्यावर वाघ गेला होता. काटेरी रान सोडून आखून दिलेल्या रस्त्यानं. मऊ फुपाट्याची मोकळी वाट त्यालाही बरी वाटते. आमच्या पांदणीतही असेच ठसे उमटतात, फक्त टायरच्या जागी बैलबंडीची चाकोरी असते.

वाघ दिसला नाही. बाकीच्या जिप्सीतली माणसं हिरमुसली. बाबा एकटेच खूश होते. दिसला नाही ते बरंच झालं, असं म्हणणारा सफारीतला तो पहिला पर्यटक असावा.

परतताना मी त्यांना विचारलं की तिकडच्यासारखं इथं पायी फिरता आलं असतं तर? वाघ नसते तर? मला वाटलं होतं ते लगेच 'हो' म्हणतील. २०१८ मध्ये त्यांनाही ती वाघीण मेलेलीच हवी होती, त्यांनी ते कधी लपवलं नाही. पण ते म्हणाले, "वाघ गेला तं जंगल राह्यते का वं? दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी येतीन. मंग डुकरं सारी आपल्याच वावरात." आणि थोड्या वेळानं, "वाघाचं काही नाही. रातच्या लाईनीचं पाहा."

मी तिकडच्या ट्रेलवर ज्या उत्तराच्या आसपास दीड वर्ष फिरत होते, ते हे होतं. बिनघोर चालता यावं म्हणून एकदा एका राज्यानं आपलं अस्वल संपवलं आणि त्याला फक्त झेंड्यावर ठेवलं. आम्हाला तो मार्ग नको असेल, आणि मलाही तो नको आहे, तर वाघाबरोबर राहण्याचं बिल कुणीतरी भरणार. आत्तापर्यंत ते पांदणीनं चालणारी माणसं भरत आलीत. मेणबत्ती लावणाऱ्यांनी ते भरलं नाही, फटाके फोडायला चिथावणाऱ्यांनीही नाही. आणि हे बिल कमी करायला बंदूक लागत नाही. बरंचसं काम दिवसा वीज करू शकते, झुडपी काढून रुंद केलेली, दिवे असलेली पांदण करू शकते, वेळेवर मिळालेली नुकसानभरपाई करू शकते. या मागण्या आमच्याकडचे शेतकरी कित्येक वर्षं करतायत. वाघाच्या बातमीत त्या शेवटच्या परिच्छेदात येतात, आल्या तर.

०

दिवाळीच्या आधी आमच्या वावरात सौर पंप बसला. अर्ज, पैसे, फेऱ्या, पुन्हा फेऱ्या, हे सगळं झालं आणि एकदाच्या निळ्या पाट्या उभ्या राहिल्या. मोटर आता सकाळी नऊला सुरू होते आणि ऊन उतरलं की आपोआप मंदावते. सगळं सुटलेलं नाही. डुकरं आणि रोही येतातच, त्यासाठी तारेला झटका मशीन लावली आहे, आणि हरभरा घाट्यावर आला की चार रात्री जागल करावीच लागते. शेजारच्या काकांचा अर्ज अजून अडकलेला आहे, त्यामुळे रात्रीची लाईन आली की पांदणीतून बॅटरीचा एकच उजेड जाताना दिसतो. बाबांना ते बघवत नाही. अधूनमधून ते मफलर बांधून त्यांच्या सोबतीला जातात.

पण बहुतेक रात्री जात नाहीत. मी अजूनही पुण्याहून नऊला फोन करते, सवय मोडत नाही. आई उचलते आणि दबक्या आवाजात म्हणते, "कायले करतं वं येवढ्या राती? झोपले ना थे."